टॉनिकची बाटली, रक्ताची कुपी

२९ मे १९५१. रात्री साडेनऊच्या सुमारास कुलाबा बस स्टँडच्या दिशेने निघालेल्या एका जीपने तिघांना धडक दिली. त्यांत एक नवरा-बायको होते आणि आणखी एक बाई. जीप चालवत होते बेहराम खुर्शेद पेसिकाका. ते मुंबई विभागाचे प्रभारी प्रादेशिक परिवहन अधिकारी, म्हणजे मोटारींचे नियम राबवणाऱ्या खात्यातलेच साहेब. पोलिसांनी त्यांना ठाण्यावर नेले आणि तिथून डॉक्टरकडे. डॉक्टरांनी केलेल्या नोंदी पुढे थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. तोंडाला दारूचा वास होता, डोळे लालसर होते, बाहुल्या थोड्या विस्फारलेल्या होत्या. पण बोलणे सुसंगत होते आणि सरळ रेषेवर चालताही येत होते. निष्कर्ष असा, की या गृहस्थांनी कोणत्या ना कोणत्या रूपात अल्कोहोल घेतले आहे, मात्र ते त्याच्या अमलाखाली असल्याचे दिसत नाही.

हे शेवटचे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. आज रस्त्यावर पोलीस आपल्यापुढे जे यंत्र धरतो, रक्तात किती मिलिग्रॅम म्हणून जो आकडा वाचतो, त्या सगळ्याची आपल्याकडची गोष्ट या वाक्यापासून सुरू होते. ती रस्त्याच्या सुरक्षिततेतून सुरू झालेली नाही. ती दारूबंदीतून आली आहे. आणि दारूबंदीच्या कायद्यालाही गाडीशी कर्तव्य नव्हते, बाटलीशी होते.

त्या काळी मुंबईत दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यासाठी दोन कायदे हाताशी होते. पहिला १९३९ चा मोटार वाहन कायदा. त्याचे ११७ वे कलम असे, की दारूच्या किंवा मादक द्रव्याच्या अमलामुळे गाडीवर नीट ताबा ठेवण्यास जो असमर्थ झाला असेल तो गुन्हेगार. ही शब्दरचना विलायतेतल्या १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्यावरून घेतलेली. ती वाचायला बरी वाटते, पण 'असमर्थ' कुणाला म्हणायचे? सरळ रेषेवर चालणारा माणूस असमर्थ ठरवायचा कसा? हीच अडचण विलायतेतही होती. लंडनमध्ये १८९७ च्या सप्टेंबरात जॉर्ज स्मिथ नावाच्या टॅक्सीवाल्याने आपली विजेवर चालणारी टॅक्सी एका इमारतीवर घातली. त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला वीस शिलिंग दंड झाला. कबूल केला म्हणून प्रश्न मिटला. न कबूल करणाऱ्याचे काय करायचे, हा प्रश्न पुढची सत्तर वर्षे तिथल्या पोलिसांना आणि डॉक्टरांना छळत राहिला.

मुंबईतला दुसरा कायदा मात्र फार सोपा होता. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री असताना तो झाला आणि १९५० च्या एप्रिलपासून राज्यात पूर्ण दारूबंदी आली. परवाना नसताना दारू पिणे हाच मुळी गुन्हा. झिंगण्याची गरज नाही, तोल जाण्याची नाही, कुणाला धडक देण्याची तर नाहीच. मग मोटारवाला ताब्यात सापडला की पोलिसाने असमर्थता सिद्ध करण्याच्या फंदात कशाला पडावे? तोंडाचा वास आला की काम झाले. मला वाटते, इथेच एक वळण पडले. गाडी कशी चालवली यापेक्षा पोटात काय गेले, याकडे सगळ्यांची नजर गेली.

पण कुलाब्याच्या जीपच्या बरोबर चार दिवस आधी, २५ मे १९५१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्याचा निकाल दिला होता. दारूबंदी कायद्याला आव्हान देणारा हा गाजलेला खटला. न्यायालयाने कायद्याचा बहुतेक भाग वैध ठरवला, मात्र अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने बाळगण्यावर व वापरण्यावर घातलेली बंदी घटनाबाह्य ठरवली. त्या काळी औषधांच्या दुकानातली कितीतरी टॉनिके, टिंक्चरे अल्कोहोलवर उभी असत. दारूबंदीच्या वर्षांत टिंक्चर आणि जिंजर पिणाऱ्यांच्या कहाण्या मुंबईतल्या जुन्या लोकांच्या तोंडून ज्यांनी ऐकल्या असतील त्यांना या सवलतीचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पेसिकाकांचा बचाव अगदी साधा होता. आपण दारू प्यायलो नाही, जेवणानंतर बी. जी. फॉस नावाचे टॉनिक घेतले, असे त्यांनी सांगितले. प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटने त्यांना निर्दोष सोडले. सरकार अपिलात गेले. उच्च न्यायालयाने धडकेच्या आरोपांतून झालेली सुटका कायम ठेवली आणि दारूबंदी कायद्याखाली मात्र त्यांना दोषी धरले: एक महिना सक्तमजुरी आणि पाचशे रुपये दंड. औषध घेतले हे आरोपीने सिद्ध करायचे, आणि ते त्यांनी केले नाही, असा उच्च न्यायालयाचा विचार.

सर्वोच्च न्यायालयात तीन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. प्रकरण पाच जणांच्या घटनापीठाकडे गेले. प्रश्न असा होता: कायद्याचा एखादा तुकडा घटनाबाह्य ठरल्यावर उरलेल्या कायद्याचा अर्थ काय? सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांनी बहुमताचा निर्णय दिला. औषधातले अल्कोहोल घेणे हा आता गुन्हाच राहिलेला नाही. तेव्हा आरोपीने जे घेतले ते औषध नव्हते, हे सरकारने सिद्ध केले पाहिजे. नुसत्या वासाने ते होत नाही. न्या. सुधीररंजन दास यांचे मत वेगळे पडले. १९५४ च्या सप्टेंबरात पेसिकाका सुटले.

कायद्याचे विद्यार्थी हा निकाल मूलभूत हक्कांच्या संदर्भात वाचतात, आणि तसा तो वाचण्यासारखाच आहे. पण वकील नसलेल्या माझ्यासारख्याला तो वाचताना एक गोष्ट टोचत राहते. जीपने उडवलेली तीन माणसे निकालाच्या सुरुवातीला नावानिशी येतात. नंतर पानेच्या पाने घटना, कलम, सिद्धतेचा भार, आणि ती तिघे पुन्हा कुठे नाहीत. यात न्यायमूर्तींचा दोष नाही. त्यांच्यापुढे आलेला प्रश्नच तसा होता. रस्त्यावरची घटना न्यायालयात पोचेपर्यंत तिचे एका टॉनिकच्या बाटलीत रूपांतर झालेले होते.

आता पोलिसांची पंचाईत झाली. वास चालत नाही, डोळे चालत नाहीत, आणि प्रत्येक आरोपी खिशातून औषधाची चिठ्ठी काढू शकतो. त्यावर १९५९ मध्ये, द्वैभाषिक मुंबई राज्यात यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, विधिमंडळाने उत्तर काढले. दारूबंदी अधिनियमात दुरुस्ती झाली. कलम ६६ ला दुसरे पोटकलम जोडले गेले: आरोपीच्या रक्तात अल्कोहोलचे प्रमाण ०.०५ टक्क्यापेक्षा कमी नाही असे सिद्ध झाले, तर आपण घेतले ते औषध होते हे दाखवण्याचा भार त्याच्यावर. शिवाय १२९-अ आणि १२९-ब ही कलमे आली. संशयिताला डॉक्टरपुढे न्यायचे, रक्त काढायचे, ते रासायनिक विश्लेषकाकडे पाठवायचे. त्याने अडथळा केला तर आवश्यक तेवढे बळ वापरायचीही मुभा.

म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम, ही रेघ मुंबई राज्याच्या कायद्यात आली ती 'यापुढे माणूस गाडी चालवण्यास धोकादायक' असे सांगायला आली नाही. टॉनिकचा एखादा चमचा आणि दारूचा पेला यांतला फरक ओळखायला ती आली. हीच ०.०५ ची रेघ नॉर्वेने १९३६ मध्ये आखली होती, जगात सर्वांत आधी, आणि ती खास मोटारचालकांसाठी. त्यामागे स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या एरिक विडमार्क यांचे काम होते. बोटाच्या टोकातून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर अल्कोहोल मोजण्याची पद्धत त्यांनी १९२२ मध्ये मांडली. आकडा एकच, पण ओस्लोतला प्रश्न 'याला चालवता येते का' असा आणि मुंबईतला 'याने काय प्यायले' असा.

रक्त काढण्याचे जे नियम १९५९ मध्येच झाले ते मुळातून वाचण्यासारखे आहेत. सिरिंज उकळत्या पाण्यात निर्जंतुक करायची. रक्त काढताना कुठल्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श होता कामा नये, म्हणजे इंजेक्शनआधी कातडी पुसायला नेहमीचे स्पिरिट चालणार नाही. रक्त कुपीत भरायचे. ते गोठू नये आणि नासू नये म्हणून कुपीत आधीच रसायन हवे. मग सील, चिठ्ठी, नाव, तारीख, वेळ, डॉक्टरची सही. ही सगळी काळजी वायफळ नाही. नासलेल्या रक्तात सूक्ष्म जिवाणू स्वतःच अल्कोहोल तयार करू शकतात, आणि झाकण सैल असेल तर असलेले उडून जाते. शिवाय माणसाचे शरीर साधारणपणे दर तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे १५ मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल संपवते. रात्री अकराला ५० असलेला माणूस दोनला ५ वर येतो. तेव्हा पुरावा म्हणजे निव्वळ रक्त नव्हे. कुणी काढले, केव्हा काढले, कुणाच्या कपाटात ठेवले, कुणी नेले, ही साखळी म्हणजे पुरावा.

या साखळीची परीक्षा लवकरच झाली, तीही खानदेशात. १९६१ च्या एप्रिलमधल्या मोटार अपघाताचा खटला. जखमी अवस्थेत आणलेल्या चालकाचे रक्त रुग्णालयातल्या डॉक्टरांनी पोलिसांच्या सांगण्याआधीच काढून ठेवले होते. बचाव असा, की कायद्याने १२९-अ ची एक ठरावीक वाट आखून दिली आहे. त्या वाटेने न आलेले रक्त पुराव्यात चालणार नाही. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बहुमताने सांगितले, की ती वाट एकमेव नाही. उपचार करताना डॉक्टरने काढलेले रक्तही पुरावा होऊ शकते, मात्र ते नीट सिद्ध व्हायला हवे. वाट रुंद झाली. कुपीवरचे ओझे तेवढेच राहिले.

आणि कुपी नसेल तर? १९७१ मधल्या आणखी एका मोटारवाल्याच्या खटल्यात, मुंबईकडच्याच, सर्वोच्च न्यायालयाने जवळपास १९५४ चीच गोष्ट पुन्हा सांगितली: तोंडाला वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणे आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून दारूबंदी कायद्याचा गुन्हा शाबीत होत नाही. वीस वर्षांत डॉक्टरांच्या नोंदीतले चार शब्द तेच राहिले होते आणि न्यायालयाचे उत्तरही.

तोवर दारूबंदीचे काय झाले हे सर्वश्रुत आहे. वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत ती सैल होत गेली. कायदा मात्र रद्द झाला नाही. आजही महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी कागदोपत्री परवाना लागतो, आणि तो किती जणांकडे असतो हे या अंकाच्या वाचकांना मी सांगावे असे नाही.

श्वासाची गोष्ट समांतर चालली होती, पण फार दूर. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातल्या रोला हार्गर यांनी तीसच्या दशकात फुग्यात श्वास भरून तपासण्याचे यंत्र केले. त्याच राज्यातल्या पोलीस प्रयोगशाळेतले रॉबर्ट बोर्केन्स्टाइन यांनी १९५४ मध्ये, म्हणजे आपल्याकडे पेसिकाका सुटले त्याच वर्षी, रस्त्यावर न्यावे असे आटोपशीर ब्रेथलायझर बनवले. तत्त्व जुनेच, हेन्रीचा नियम. फुप्फुसाच्या तळाशी रक्त आणि हवा यांच्यात अल्कोहोल ठरलेल्या प्रमाणात वाटले जाते. साधारण २१०० मिलिलिटर खोल श्वासात जेवढे, तेवढे १ मिलिलिटर रक्तात. म्हणून पोलीस 'अजून, अजून फुंका' म्हणतो. तोंडातली हवा त्याच्या उपयोगाची नाही, त्याला तळाची हवा हवी असते. बोर्केन्स्टाइन यांच्याच पुढाकाराने मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरात साठच्या दशकाच्या सुरुवातीला अपघातात सापडलेल्या आणि न सापडलेल्या हजारो चालकांचे श्वास तपासले गेले. प्रमाण वाढते तसा धोका किती चढतो याचा आलेख हातात आला. त्यानंतर विलायतेत 'असमर्थ' हा शब्द पुरेसा नाही हे मान्य झाले. बार्बरा कॅसल वाहतूकमंत्री असताना १९६७ चा कायदा झाला, ८० मिलिग्रॅमची मर्यादा आली आणि पोलिसांच्या हाती फुंकायच्या पिशव्या आल्या. पबवाल्यांनी आणि गिऱ्हाइकांनी या बाईंवर तोंडसुख घेतले. स्वतः मोटार न चालवणारी बाई मोटारवाल्यांना शिकवते, हा त्यांचा विशेष राग.

आपल्या केंद्रीय कायद्याने हा टप्पा जरा विचित्र रीतीने ओलांडला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १८५ वे कलम सुरुवातीला असे होते, की चालकाच्या रक्तात अल्कोहोल कितीही थोडे सापडले तरी गुन्हा. ऐकायला कडक. पण 'कितीही थोडे' म्हटले की खोकल्याचे औषधही आत येते आणि आपण पुन्हा बी. जी. फॉसपाशी पोचतो! १९९४ च्या दुरुस्तीने ते बदलले: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त, आणि तेही श्वासचाचणी यंत्राने आढळलेले. त्यामुळे महाराष्ट्रात दोन कायद्यांच्या दोन रेघा झाल्या. मोटारवाल्यासाठी ०.०३, दारूबंदीच्या गुन्ह्यासाठी ०.०५. पकडलेल्याची दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर त्याला कोठडीतून सोडावे, हीही तरतूद कायद्यात आहे. शरीर तासातासाला पुरावा पुसते, हे कायद्याला तेवढे तरी ठाऊक होते.

यंत्र कायद्यात आले म्हणून रस्त्यावर आले असे नाही. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर गाडी गेली. सात जण मेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणाचा गुन्हा धरून सहा महिने दिले तेव्हा शहर खवळले. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाखाली तीन वर्षे दिली आणि २०१२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. या खटल्यातला एक युक्तिवाद मला विलक्षण वाटतो. मूळ दोषारोपात चालक दारूच्या अमलाखाली असल्याचा उल्लेखच नाही, तेव्हा तो आता विचारात घेऊ नये, असे बचाव पक्षाने म्हटले होते. न्यायालयाने ते मानले नाही. पण कुलाब्याशी तुलना करून पाहा. तिथे दारूच उरली होती आणि धडक लुप्त झाली होती. इथे धडक कागदावर होती आणि दारू राहून गेली होती. दोन्ही गोष्टी एका कागदावर एकत्र आणायला आपल्या यंत्रणेला पन्नास वर्षे जड गेली.

२००७ पासून मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी रात्रीच्या नाकाबंदीत श्वासचाचणीची मोहीम मनावर घेतली. न्यायालये थोड्या दिवसांचा का होईना तुरुंग देऊ लागली, परवाने निलंबित होऊ लागले. वर्तमानपत्रांत मथळे येऊ लागले: 'इतक्या तळीरामांवर कारवाई'. हा तळीराम गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तला. सुधाकराला बाटलीकडे ओढणारा, आर्य मदिरा मंडळवाला, प्रेक्षकांना पोट धरून हसवणारा. नाव चपखल आहे हे कबूल, पण त्यात एक गैरसोय आहे. तळीराम म्हटले की वाचक हसतो. गाडीच्या चाकामागे बसलेला माणूस त्या नाटकात नाही.

१ सप्टेंबर २०१९ पासून दंड वाढला. पहिल्या गुन्ह्याला पूर्वी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपये किंवा दोन्ही, ते १०,००० झाले. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये किंवा दोन्ही. हा दंड रस्त्यावर भरून सुटता येत नाही, न्यायालयातच जावे लागते. पुढे कोविडच्या काळात एकाच यंत्रात दहा जणांनी फुंकणे अशक्य झाले आणि काही महिने पोलिसांना पुन्हा रक्ताकडे, म्हणजे १९५९ कडे, वळावे लागले.

खरे तर गंभीर अपघात झाला की आजही सगळे तिथेच वळते. यंत्राचा कागद नाकाबंदीपुरता. माणूस मेला की रक्त लागते, आणि रक्त म्हटले की ती साखळी आली. २००२ च्या वांद्र्यातल्या, एका नामांकित अभिनेत्याच्या गाडीच्या खटल्यात २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले, तेव्हा तो दारूच्या अमलाखाली होता हेही शंकेपलीकडे सिद्ध झाले नाही, असे ठरले. तेरा वर्षांनी वाद कशाचा, तर कुपीचा.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाने चालवलेल्या महागड्या गाडीने मोटारसायकलवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. पोलिसांचे म्हणणे असे, की शासकीय रुग्णालयात घेतलेला मुलाचा रक्ताचा नमुना फेकून दिला गेला आणि त्याच्या जागी दुसऱ्याच व्यक्तीचे रक्त सीलबंद झाले. पोलिसांनी दुसऱ्या रुग्णालयात आणखी एक नमुना घेऊन ठेवला होता. डीएनए जुळवल्यावर दोन कुप्यांतले रक्त एका माणसाचे नाही असे निघाले. डॉक्टरांना अटक झाली. हे आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत.

१९५९ चे नियम करणाऱ्यांनी स्पिरिटच्या बोळ्याचा विचार केला होता, गोठणाऱ्या रक्ताचा केला होता, सैल झाकणाचा केला होता. कुपीवर नाव, तारीख, वेळ आणि डॉक्टरची सही मागितली होती. सही करणाऱ्या हातावरच संशय येईल, एवढे त्यांच्या मनात आले नव्हते.